बाहेर बसायचे दिवस

१९ सप्टेंबर

आज देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर सहदेवचे दोन दात पाडले. सहदेव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, पुष्पांजलीचा नवरा. जावयाच्या अंगाला हात लावू नये म्हणतात, म्हणून मी हात लावलाच नाही. हेल्मेटनं मारलं.

तो जालन्याच्या गाडीची वाट बघत रसवंतीपाशी उभा होता. बाजूला नवी बाई, हातात हिरवा चुडा. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणतो, “तुमची पुष्पी तुम्हीच ठेवा. पिशवी काढलेली बाई काय कामाची? नुसतं खोड राह्यलं आता.” पुढचं मला नीट आठवत नाही. लोकांनी सोडवलं तेव्हा तो खाली पडलेला होता आणि नवी बाई चपलेनं माझ्या पाठीत हाणत होती. पोलिसांनी दोघांनाही बसवून ठेवलं, समज दिली आणि आपसात मिटवायला लावलं.

गर्भाची पिशवी यानंच काढायला लावली होती. तेव्हा पुष्पी सव्वीस वर्षांची. पोट दुखतं म्हणून पलीकडच्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा खासगी दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरनं पडद्यावर काहीतरी काळं दाखवलं, कॅन्सर होईल म्हणाला. सहदेवला तर आंधळा मागतो एक डोळा, असं झालं. हंगामात बाई महिन्याला चार दिवस घरी बसायची, ती कटकटच गेली. आता तिशीच्या आत पुष्पी म्हातारीसारखी भिंत धरून उठते. हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, बोटं वळत नाहीत. आठ दिवसांपूर्वी एक गाठोडं घेऊन माझ्या दारात आली.

अनुपमा, माझी बायको, बाहेर बसलेली होती, म्हणून सुजलेल्या हाताला हळद मीच लावली. ती गोठ्याकडून म्हणाली, “पुष्पाताईले इचारलं होतं का, त्याले मारू का म्हणून?” यात विचारायचं काय? भावानं बहिणीसाठी मारलं. पण बायकांना काही केलं तरी गोड लागत नाही.

ही वही धम्मदीपनं दिली. तो एका संस्थेचा माणूस आहे, गावोगाव पुरुषांच्या बैठका घेतो. म्हणाला, “गजेंद्रभाऊ, राग आला का हात उचलायचा नाही, वही उचलायची.” आज जरा क्रम चुकला.

२४ सप्टेंबर

शाळेत धम्मदीपची बैठक. पुरुष बरेच आले, चहा होता.

आमच्या गावात जिकडं बघावं तिकडं शेडनेट, जाळीचे मांडव. आत मिरचीच्या, टोमॅटोच्या बियाण्याचे प्लॉट. कळीतला नर चिमट्यानं काढायचा, दुसऱ्या सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, देठाला लोकरीचा धागा बांधायचा. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. हे काम बायकांचं, आपली बोटं जाड पडतात. हंगामभर एका दिवसाचा खाडा चालत नाही. आणि त्यात गावाचा नियम असा की बाहेर बसलेल्या बाईनं शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. फूल गळतं. मग नवरा आणि सासू म्हणतात, दोन पोरं झाली ना, टाक काढून पिशवी.

धम्मदीपनं विचारलं, “हा नियम केला कोणी?” सगळे माना खाली घालून चहा प्यायले. “बायांनी तर केला नसंल. मग मोडाचा कोणी?”

मला पुष्पीची बोटं आठवली आणि मी उभाच राहिलो. म्हणालो, माझ्या शेडपासून मोडतो. शालिग्राम हसला. त्याचे प्लॉट गावात सगळ्यांत जास्त, आणि बायकांना त्या दवाखान्यात नेणारी जीपही त्याचीच. “गजा, फूल गळालं ना, कंपनीवाला ढुंकून नाही पाहनार बे.” मी म्हणालो, तुझी जीप उभी राहील म्हणून तुझ्या पोटात गोळा उठला. जमलेले पुष्कळ हसले.

२७ सप्टेंबर

आज गावात मी जे केलं ते आजवर कोणी केलं नव्हतं.

सगळ्या पुरुषांना शेडवर बोलावलं. अनुपमा गोठ्याच्या कडेला पोत्यावर बसलेली होती. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “हे पाहा, माझी बायको बाहेर बसलेली हाये. बारा दिवसांपासून बसलेली हाये.” आणि तिला हाताला धरून शेडमध्ये नेली.

तिचा हात थंडगार होता. “सोडा हो, लोकं पाहून राह्यले,” ती म्हणाली. मी म्हणालो, पाहू दे, पाहायलाच तर बोलावलंय. तिनं मान वर न करता अर्ध्या ओळीचं क्रॉसिंग केलं आणि मधेच खाली बसली. लाजली. एवढ्या पुरुषांत जायची सवय नाही तिला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एक धम्मदीप सोडून. त्यानं मला बाजूला घेतलं. “वहिनीले बारा दिवस झाले म्हणता?” मी म्हणालो, “तिचं असंच राहते. मागच्या महिन्यात तर चोवीस दिवस होतं.” याहून मोठा पुरावा काय पाहिजे? चोवीस दिवस बाहेर बसलेली बाई माझ्या घरात होती, तरी माझ्या मिरचीचं एक फूल गळालं नाही. हे मी सगळ्यांना ओरडून सांगितलं.

धम्मदीप म्हणाला, डॉक्टरला दाखवा. या संस्थेच्या लोकांना आनंदाच्या वेळी तोंड पाडायची खोडच असते.

२ ऑक्टोबर

फूल टिकलं आहे. आता आणखी तीन घरच्या बायका त्या दिवसांत शेडमध्ये आल्या. अनुपमा येत नाही, झोपून असते. तिच्यामुळं नियम मोडला आणि तीच घरी, याला काय म्हणावं?

५ ऑक्टोबर

सकाळी शेडवर गेलो तर नेट या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलेली. विळ्यानं. आत वारा भरलेला, धागे बांधलेल्या फांद्या मोडून पडलेल्या.

शालिग्रामच्या वाड्यावर जायच्या आधी मी कुदळीचा दांडा काढून घेतला. तो ओसरीवर दात घासत होता. पहिला फटका खांद्यावर, दुसरा डोक्यात. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो बोलतच होता. “माह्या माणसाईनं फाडली असंल, मी नाही म्हनत नाही. पण तुह्यी बायको मरायले टेकली बे गजा, अन् तू नेटसाठी मारामाऱ्या करून राह्यला!” मी तिसरा हाणला. माझ्या बायकोचं नाव घ्यायचं त्याला काय कारण?

त्याला टाके पडले. माझ्यावर गुन्हा दाखल होणार होता, पण नेटचं प्रकरण निघालं असतं म्हणून त्यानंच तक्रार केली नाही. दांडा घरी आणून दाराआड ठेवला आहे, लागेल पुढं.

पुष्पीनं तो धुतला. मी म्हणालो, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय. तिनं दांडा उन्हात वाळत ठेवला.

९ ऑक्टोबर

आज जीप अडवली. फाट्यावर, आम्ही आठदहा जण. शालिग्रामचा ड्रायव्हर निवृत्ती काच वर करून बसला, मग काचच फोडली. त्याला कॉलर धरून ओढला. बायका मागं एकमेकींना धरून बसल्या होत्या. म्हटलं, उतरा, कोणीही जायचं नाही. नाही उतरल्या. मग उतरवल्या.

ओढाओढीत त्यांच्यातली सत्यभामाबाई पडली आणि तिचा हात कोपरातून मोडला. वाईट वाटलं. पण हात जुळतो, पिशवी जुळत नाही.

ती धुळीत बसून ओरडत होती, “माह्या पोटात गोळा हाये रे! खरा गोळा हाये! मले जाऊ दे, तुह्या बापाचं काय जाते?” प्रत्येकीला तो डॉक्टर गोळाच सांगतो. पुष्पीलाही तेच सांगितलं होतं. मग म्हणाली, “तुह्यी अनुपमा बी येनार होती आज. तुह्या भेवानं नाही आली.” आमची पोरं हसली. मीही हसलो. जिच्या नवऱ्यानं हे सगळं उभं केलं, ती त्या जीपमध्ये कशाला बसेल?

घरी आलो तर अनुपमा चुलीपुढं बसली होती, चूल विझलेली. मी जीपची हकीगत रंगवून सांगितली. सत्यभामेचा हात मोडला म्हटल्यावर ती तोंडात पदर धरून उठून गेली.

१४ ऑक्टोबर

ग्रामसभेत ठराव झाला. गावातल्या कुठल्याही बाईनं समितीच्या परवानगीशिवाय पिशवीचं ऑपरेशन करायचं नाही. समितीचा अध्यक्ष मी. उपाध्यक्ष शालिग्राम, डोक्याला पट्टी बांधूनच आला होता. आम्ही दोघांनी एकाच बशीतला पेढा खाल्ला. पद मिळालं की माणूस मार विसरतो.

धम्मदीप उभा राहिला. “समितीत बाई एकबी नाही, गजेंद्रभाऊ.”

“बायांसाठीच तर समिती हाये.”

“आधी नवरा धरून नेत होता, आता तुम्ही धरून ठेवून राह्यले. याच्यात फरक काय झाला?”

मी त्याच्या कानाखाली काढली. भर सभेत. त्याचा चष्मा उडाला. त्यानं तो शोधला, शर्टाला पुसला आणि निघून गेला. त्यानंच पेटवलं आणि त्यालाच चटका बसला. काम करणारा आणि भाषण करणारा यात हाच फरक असतो. तरी जेवताना घास गोड लागला नाही, हेही लिहून ठेवतो.

२० ऑक्टोबर

अनुपमा आज समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, “मले बुलढान्याले जायचं हाये. सरकारी दवाखान्यात. उभं राह्यलं का डोळ्यापुढं अंधारी येते.”

मी म्हणालो, अशक्तपणा आहे, गूळ-शेंगदाणे खा.

“रक्त थांबून नाही राह्यलं. तिथली डॉक्टरीन पाहीन. काढा लागली तर काढीन.”

मला आधी खरंच वाटलं की चेष्टा करते. मग डोकं तापलं. म्हणालो, “अध्यक्षाच्या बायकोनंच पिशवी काढली तर मी गावात तोंड कसं दाखवू? लोक काय म्हणतील?”

ती मग म्हणाली, “अर्ज देऊ का तुमच्या समितीले?”

हात उठला. दोनदा. दुसऱ्या वेळी ती भिंतीवर आपटली. वही उचलायला पाहिजे होती, पण वही कपाटावर होती.

पुष्पी दारात उभी राहून बघत होती. ती सहदेवच्या घरात असताना कशी उभी राहत असेल, ते मला आज दिसलं. मी तिच्याकडं बघू शकलो नाही, शेडवर निघून गेलो.

२१ ऑक्टोबर

आज भाकरी पुष्पीनं थापली. बोटं वळत नाहीत म्हणून जाड झाली, मधे कच्ची. खाल्ली.

२४ ऑक्टोबर

डाव्या हातानं लिहितो आहे. उजवा गळ्यात बांधलाय.

काल सकाळी नेट शिवून घेतलेल्या शेडवर माणसं कमी पडली म्हणून अनुपमाला मीच तिथं नेलं. ओळीच्या शेवटी ती खाली पडली. रोपांमध्ये अंथरलेल्या चंदेरी प्लास्टिकवर रक्त साचलं होतं. मला आधी वाटलं, चिमटा लागला. इतकं रक्त चिमट्यानं येत नाही, हे समजायला मला वेळ लागला. आजूबाजूच्या बायकांना लागला नाही. त्यांनी तिच्याभोवती कडं केलं, पदर आडवे धरले आणि मला म्हणाल्या, “तुम्ही बाहेर व्हा.” माझ्याच शेडमधून.

पुष्पीनं फोन केला आणि निवृत्ती जीप घेऊन आला. तीच जीप, पुढं काचेऐवजी प्लास्टिक चिकटवलेलं. बायकांनी अनुपमाला मागं निजवली. प्लास्टर घातलेली सत्यभामाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ती जीप बघितली आणि मला वाटलं, त्या दवाखान्यात नेतात, त्या डॉक्टरकडं, पुष्पीसारखीच हिचीही गत करणार. मी रस्त्यात आडवा झालो. म्हणालो, थांबा, डॉक्टरला इथंच बोलावू. आणि मग माझ्या तोंडून हेही गेलं की समितीला विचारल्याशिवाय गाडी हलायची नाही.

हे मी बोललो. माझी बायको मागं पांढरीफटक पडलेली असताना बोललो.

पुष्पी जीपमधून खाली उतरली. तिच्या हातात घरून आणलेला कुदळीचा दांडा होता, तिनंच धुऊन वाळवलेला. वळत नाहीत त्या बोटांनी तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता. पहिला फटका मानेजवळ बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी गुडघ्यावर आलो तरी ती मारत होती.

“माही काढली तवा मले कोणी नाही इचारलं! माह्या नावानं लोकाईले मारलं तवा नाही इचारलं! आता हिले बी नाही इचारत? काऊन? आम्ही काय मिरच्या हावो का रे दादा?”

एकही बाई सोडवायला आली नाही. पुरुष जमले होते, तेही आले नाहीत. मग ती जीपमध्ये बसली आणि मी रस्त्यातून सरकलो. सरकलो म्हणजे लोळत बाजूला झालो.

२६ ऑक्टोबर, बुलढाणा

जीप इथंच आली होती, सरकारी दवाखान्यात. मला विचारायचं सुचलं नव्हतं एवढंच.

नर्सबाईंनी सांगितलं की पोटात मोठी गाठ होती, अंगात रक्त उरलंच नव्हतं, बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. पिशवी काढावी लागली. दुसरा उपायच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी अनुपमाला सगळं समजावून सांगितलं आणि सही तिनं स्वतः केली. मी म्हणालो, नवऱ्याची सही? तर म्हणाल्या, “तिचं शरीर आहे ना हो?” वर असंही म्हणाल्या की महिनाभर आधी आली असती तर कदाचित गोळ्यांवरही भागलं असतं. सत्यभामाबाईचीही तपासणी केली. तिचा गोळा खराच आहे. तिला पुढची तारीख दिली, तोवर ती अनुपमापाशीच थांबली आहे.

पिशवी काढलेली बाई काय कामाची, असं सहदेव म्हणाला होता. ते वाक्य इथल्या पायरीवर बसून मला आठवलं आणि मी उठून आत निघालो.

वॉर्डाच्या दाराशी गेलो तर पुष्पी उभी. म्हणाली, “बाहेर बस.”

“किती वेळ?”

“वहिनीनं इचारलं होतं का कधी, किती वेळ?”

२९ ऑक्टोबर

व्हरांड्याच्या टोकाला, नळाच्या पलीकडं बसतो. खाली पोतं आहे. पुष्पी दोन वेळा जेवण आणते. पत्रावळ जमिनीवर ठेवते आणि पायानं सरकवत नाही एवढंच. पाणी वरून माझ्या डाव्या तळव्यात ओतते. भांड्याला हात लावू देत नाही. येणारेजाणारे बघतात. परवा एक म्हातारी थांबली, विचारू लागली, “याले काय झालं बाई?” पुष्पी म्हणाली, “बाहेरचा हाये.” म्हातारी पदर सावरून लांबून गेली.

माझ्या गोठ्याच्या कडेलाही असंच पोतं आहे. आमचं लग्न झाल्यापासून आहे. त्यावर बसल्यावर समोर काय दिसतं, हे मी कधी बघितलं नाही.

धम्मदीप आला होता. रक्त देऊन आला, हाताला कापूस लावलेला. कानाजवळ अजून काळंनिळं आहे. मी उठून उभा राहिलो, माफी मागितली. तो म्हणाला, “मले सावकाश मागा. माह्याआधी लाइनीत बाया हायेत.” आणि आत गेला. त्याला आत जाऊ दिलं.

खांदा रात्रंदिवस ठणकतो. डॉक्टर म्हणाले, हाड वाकडंच जुळेल. जुळू दे.

१ नोव्हेंबर

आज लक्ष्मीपूजन. दवाखान्याच्या फाटकाशी कोणीतरी पणत्या लावल्या आहेत.

दुपारी शालिग्रामचा फोन आला. “अध्यक्ष, लय वांधा झाला. एकबी बाई शेडवर नाही येऊन राह्यली. म्हनतात आमची पाळी हाये, चार दिवस बाहेर बसतो. सगळ्याच कश्या एकदम बे? कळ्या फुलून वाया चालल्या. समितीची मीटिंग लावा लागते. तू सांग काय कराचं.”

मी म्हणालो, त्यांनाच विचार. तो म्हणाला, “कोनाले?” मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी पुष्पी पाणी ओतायला आली तेव्हा म्हणाली, “वहिनी उठून बसली आज. पेज प्याली.” माझ्या तळव्यातलं पाणी सांडलं. मी रडलो, लपवत नाही.

मग म्हणालो, “पुष्पा, तिले इचारशील का, मी आत येऊ का म्हनून?”

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला पुष्पी न म्हणता पुष्पा म्हटलेलं तिच्या लक्षात आलं असावं. तांब्या तिथंच ठेवून ती आत गेली.

बराच वेळ गेला. आतून बोलण्याचा आवाज येत होता. मधेच अनुपमा हसली. सत्यभामाबाई काहीतरी म्हणाली आणि त्या तिघीही हसल्या. मी तिचं हसू इतक्या दिवसांनी ऐकलं की आधी ओळखूच आलं नाही.

पुष्पा बाहेर आली.

“इचारलं?”

“हो.”

“काय म्हनली?”

“म्हने, सांगीन.”

तिनं तांब्या उचलला आणि ती आत गेली. मी परत पोत्यावर बसलो.